खारूताईचं चिलखत

दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना माझा भाऊ फोन करतो तेव्हा दोनच शक्यता असतात. एक तर त्याला काहीतरी झालेलं असतं, नाहीतर काहीतरी होईल असं त्याला वाटत असतं. बहुतेक वेळा दुसरंच. त्या दिवशी मी एका आजोबांच्या नाकावर चष्म्याची नवी फ्रेम बसवून बघत होते, आणि माझा फोन थरथरत काउंटरवरून सरकत चालला होता. शेवटी उचलला.

"ताई, तिने नवीन पुस्तक घेतलंय."

"कोणी? कसलं?"

"चिंगीने. आपल्या खेळाचं. नवीन आवृत्ती. शनिवारी येताना घेऊन येते म्हणाली. आणि शनिवारबद्दल काहीतरी बोलायचंय म्हणाली."

"मग बोलेल की."

"अगं, शनिवारबद्दल! यायचं बंद करणार असेल. मला आत्ताच कळलंय."

आजोबा म्हणाले, काडी कानामागे टोचतेय. मी म्हटलं, थांबा, मलाही टोचतेय.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाटेल पोरीने पुस्तक घेतलं तर घेतलं, त्यात एवढं काय आभाळ कोसळलं.

माझा हा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. घरात त्याला आम्ही बंड्या म्हणतो, का ते देवालाच ठाऊक, कारण जन्मात कधी त्याने कुणाला वर मान करून उत्तर दिलेलं नाही. त्याचा संसार मोडला तेव्हा त्याची चिंगी आठ वर्षांची होती. भांडण नाही, आदळआपट नाही, नवरा-बायको नुसती एकमेकांशी बोलेनाशी झाली. ठरलं असं की चिंगी आईकडे राहील आणि दर शनिवारी दुपारी बापाकडे येईल. हे चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत. त्यानंतर यायचं की नाही ही तिची मर्जी. गेल्या महिन्यात तिला चौदा पूर्ण झाली आणि तेव्हापासून बंड्याचा जीव टांगणीला लागलेला.

सुरुवातीचे शनिवार भयंकर होते. बाप टेबलाच्या एका टोकाला, लेक दुसऱ्या टोकाला, मध्ये टोस्टची बशी. "शाळा कशी आहे?" "बरी." की संपलं. मग एकदा बंड्याने पलंगाखालच्या खोक्यातून कॉलेजात असतानाचं त्याचं जुनं पुस्तक काढलं. हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट चालवतो, राक्षस, किल्ले, दलदली सगळं त्याच्या डोक्यात. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. तुम्ही काय करणार ते तुम्ही सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा सांगतो. दोघांत रंगेना म्हणून मला ओढलं. मी झाले कुऱ्हाडवाली बुटकी. दिवसभर काचा जपून हाताळणाऱ्या बाईला हातात कुऱ्हाड आली की बरं वाटतं. चिंगी झाली चोर. भिंतींवर सरसर चढायची म्हणून तिने चोराचं नाव ठेवलं खारूताई. आता बाईसाहेब नुसतं "खार" म्हणतात, आणि मी पूर्ण नाव घेतलं की डोळे वटारतात.

गोष्ट चालवणारा, म्हणजे आमच्यात बंड्या, आपल्यासमोर पुठ्ठ्याचा घडीचा पडदा उभा करतो आणि राक्षसांचे फासे त्याच्या मागे टाकतो. माझी खुर्ची अशी आहे की त्याच्या पाठीमागच्या काचेच्या कपाटात मला पडद्यामागचं सगळं दिसतं. आणि म्हणून मला पहिल्यापासून ठाऊक आहे की बंड्या फासा बघतच नाही. खारूताईवर सापाने झडप घातली, बंड्या फासा टाकणार, फासा काहीही बोलो, बंड्या म्हणणार, "चुकला!" त्याला कारण आहे. अगदी सुरुवातीला एकदा भिंतीवरून पडून खारूताईचा पाय मोडला तेव्हा चिंगी हुंदके देत म्हणाली होती, तिला काही झालं तर मी परत येणार नाही. पोर आठ वर्षांची होती, बोलून गेली. बापाने ते काळजावर कोरून घेतलं.

तर त्या फोननंतर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्याला गाठला. तो आमच्या दुकानाजवळच्याच एका ऑफिसच्या इमारतीत कामाला होता. गच्चीवर लिफ्टच्या मोटरची खोली असते, तिथे. मोटर बंद, चाकावरून जाड तारेचे दोर खाली अंधारात गेलेले, सगळीकडे ग्रीसचा वास. आणि हा हत्यारांच्या पेटीवर बसलेला, एका मांडीवर जुनं पुस्तक, दुसऱ्या मांडीवर नवं. त्यानेही विकत आणलं होतं.

"बघ, बघ काय करून ठेवलंय," तो म्हणाला. "आपल्या जुन्यात जीव शून्यावर आला की मेला. साधं सरळ. ह्यांच्यात काय, तर शून्यावर आला की आडवं पडायचं आणि फासे टाकत बसायचं. दहा किंवा वर तीनदा आलं की वाचला, दहाच्या खाली तीनदा आलं की गेला. ही काय मरायची पद्धत झाली?"

"बरी आहे की. जरा दम खायला मिळतो."

"आणि विष! आपल्यात विष चढलं की एक फासा. चुकला की खलास. ह्यांच्यात विष चढलं की जरा अस्वस्थ वाटतं. आणि एक झोप काढली की सगळ्या जखमा भरलेल्या! अगं, माझं बोट दारात चेमटलं होतं तर नख यायला किती महिने लागले. असल्या खेळात भीती कशी वाटणार? नवीन पुस्तकात कोणी मरतच नाही, ताई."

"तुझ्या टेबलावर तरी कोण मरतं?"

त्याने नव्या पुस्तकाचं पान उलटलं. मग म्हणाला, "ते वेगळं."

वेगळं म्हणे! पण त्याचा चेहरा बघून मी पुढे बोलले नाही. मशीनखोलीत हा माणूस राजा असतो. लिफ्टला एक ब्रेक पुरेसा असला तरी दुसरा तपासतो, तो झाला की पहिला पुन्हा तपासतो. आणि आज त्या पुस्तकापुढे त्याच्या घामट बोटांचे ठसे पानांवर उठत होते. त्याने ठरवून टाकलं होतं, ह्या शनिवारपासून आपण नवीन आवृत्तीने खेळायचं. पोरीला नवीन हवंय ना, मग नवीन. तिने काही म्हणायच्या आतच. त्यासाठी तो खारूताईचा कागद नव्याने लिहून काढत होता. चढणं, लपणं, कुलूप उघडणं, सगळे आकडे जुन्यावरून नव्यावर. शेवटी चिलखत, तीन. चिलखताचा आकडा जितका कमी तितकं अंग सुरक्षित, आणि तीन म्हणजे आमच्यात फारच भारी. मी कागद वाचून बघितला आणि म्हटलं, झकास.

"ती नाही आली तर शनिवारी मी काय करू?" त्याने एकदम विचारलं.

मला त्याला एक चापट मारावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्हीतलं काही केलं नाही. डबा उघडला आणि अर्धा त्याच्यापुढे सरकवला.

शनिवारी मी पोचले तेव्हा घर इतकं स्वच्छ होतं की मला धडकीच भरली. बंड्याने खिडक्यांच्या काचासुद्धा पुसल्या होत्या. दर दोन मिनिटांनी जिन्याकडे कान. बेल वाजली तेव्हा तो स्वयंपाकघरात पळाला आणि दार मला उघडावं लागलं.

चिंगी आत आली, पाठीवर सॅक, बूट काढताना एका पायावर उड्या. बापाच्या खांद्याला लागली आहे आता. सॅकमधून नवं पुस्तक काढून टेबलावर ठेवते तर तिथे एक आधीच पडलेलं.

"बाबा! तू घेतलंस? तू तर म्हणायचास नवीन आवृत्ती म्हणजे दूधभात."

"नाही नाही, चांगली आहे," बंड्या म्हणाला. "मोकळी आहे. आवडली मला." पडद्याआड न लपता इतकं धडधडीत खोटं बोलताना त्याला मी पहिल्यांदा ऐकलं.

मला राहवेना. "काय गं, काय बोलायचंय म्हणालीस ते?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे. "खेळून झाल्यावर."

झालं. बंड्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने तिच्यापुढे खारूताईचा नवा कागद ठेवला, नुकताच लिहिलेला, ठळक अक्षरात. ती वरपासून खालपर्यंत वाचत गेली. एके ठिकाणी थांबली. भुवया वर गेल्या. मला वाटलं आता काहीतरी बोलणार, पण तिने कागद खाली ठेवला.

"बरोबर आहे ना सगळं?" बंड्याने विचारलं.

"सुरू कर," ती म्हणाली.

गोष्ट अशी होती की एका बुरुजावर दगडी पहारेकरी उभे, आणि त्यांच्या डोक्यावरच्या कंगोऱ्यात एक किल्ली लपवलेली. चिंगी म्हणाली, खार चढते. मी म्हटलं, बुटकी खाली उभी राहून शिव्या देते. एरवी असं काही मी म्हटलं की दोघंही हसतात, आज कोणी हसलं नाही. खार चढली. पहारेकरी जागे झाले. पहिल्याने भाला फेकला. पडद्यामागे फासा खडखडला.

"चुकला!" बंड्या म्हणाला.

दुसरा भाला. "चुकला! कानाजवळून गेला."

चिंगी आज लपत नव्हती. ढालीआड जात नव्हती. सरळ पहारेकऱ्यांच्या समोर कंगोऱ्यावर बसून राहिली आणि म्हणाली, "खार काहीच करत नाही. बसलीये."

"बसलीये? अगं, उठव तिला. पळव."

"नाही. बसलीये."

तिसरा भाला, चौथा, पाचवा. चुकला, चुकला, चुकला. बंड्याचा आवाज दर वेळी थोडा पातळ होत चालला होता. काचेच्या कपाटात मला त्याचा हात दिसत होता, फासा थांबायच्या आतच उचलायला निघालेला. पुन्हा फासा खडखडला.

"चुकला."

"किती पडले, बाबा?"

"अं? कमी पडले."

"किती?"

"चार."

"चार पडले तर लागायला हवा."

"चारमध्ये कसा लागेल?" बंड्याला जरा जोर आला, नियमांचं बोलणं निघालं की त्याला येतो. "तुझं चिलखत तीन आहे. तीन!"

"तीन जुन्या पुस्तकात भारी. नवीन पुस्तकात उलटं केलंय सगळं. आकडा जितका मोठा तितकं चिलखत चांगलं. फासा त्या आकड्याएवढा किंवा वर पडला की लागला. अंगावर काहीच न घालता माणूस नुसता उभा राहिला तरी दहा असतात, बाबा. तीन म्हणजे खारच्या अंगावर कातडीपण नाहीये."

बंड्याने पुस्तक ओढलं, पान शोधलं, वाचलं. मीही वाकून वाचलं. लक्ख लिहिलं होतं. चष्म्याच्या नंबरात अधिक-उण्याची गफलत झाली तर ती मी काच उचलताच ओळखते, आणि हा आकडा बघून मी झकास म्हटलं होतं. कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

"अरेच्चा! माझीच चूक," बंड्या म्हणाला, आणि त्याला इतकं हायसं वाटलेलं दिसलं की विचारू नका. "जुन्यातलं तीन म्हणजे नव्यातलं सतरा हवं. सतरा करतो. बरं झालं सांगितलंस."

"मी आल्या आल्याच पाहिलं होतं ते," चिंगी म्हणाली. "मुद्दाम नाही बोलले. कागदावर तीन असताना जवळजवळ प्रत्येक भाला लागायला हवा. मला बघायचं होतं तू एकदा तरी 'लागला' म्हणतोस का." आणि तिने हात लांब करून पुठ्ठ्याचा पडदा बाजूला केला.

फासा तिथेच होता. वीस.

"वीस तर दोन्ही पुस्तकांत लागतो," ती म्हणाली.

बंड्याने टोस्टची बशी उचलली आणि परत तिथेच ठेवली. मी म्हटलं, "चिंगे, अगं तो तुझ्यासाठी..." पण तिने माझ्याकडे बघून मान हलवली. चिडलेली नव्हती ती. रडवेली झाली होती, आणि ते जास्त वाईट.

"माझ्या वर्गातल्या मुली नवीन आवृत्तीने खेळतात," ती म्हणाली. "सगळे फासे उघड्यावर टाकतात. दुसऱ्याच खेपेला माझी जादूगारीण मेली. खड्ड्यात पडून. इतकी मूर्खासारखी!"

"मेली?" बंड्या म्हणाला. "बोलली नाहीस तू."

"मी तिथेच रडले. सगळ्यांसमोर."

"मग?"

"मग काय? पुढच्या खेपेला दुसरी बनवली."

"परत गेलीस तू?" त्याने हे इतक्या हळू विचारलं की तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

"जाणारच ना! तिथे काय होईल ते कोणालाच माहीत नसतं. इथे मला जिना चढतानाच माहीत असतं. खार वाचणार. मागे मी मुद्दाम तिला आगीत उडी मारायला लावली होती. तू काय म्हणालास? पाऊस आला म्हणालास. गुहेत, बाबा! गुहेत पाऊस!"

मला हसू फुटलं. मी ते खोकल्यात घातलं.

"मला वाटतं मी लहान बाळ आहे आणि तू मला खेळवतोयस," ती म्हणाली. "म्हणून मी आज सांगणार होते, की आता मी महिन्यातून एकदाच येईन."

आलंच ते. ज्याच्या भीतीने गेली सहा वर्षं माझ्या भावाने एकही फासा खरा सांगितला नव्हता, ते त्या फाशांमुळेच आलं होतं. मला वाटलं हा आता कोसळतो. तो खुर्चीत नुसता बसून होता, हात मांडीवर, आणि बघत होता वीसच्या आकड्याकडे.

"तू लहान असताना म्हणाली होतीस," तो म्हणाला. "खारूताईला काही झालं तर येणार नाहीस."

"मी आठ वर्षांची होते, बाबा!"

"हो," बंड्या म्हणाला. "हो, ते आहेच." मग त्याने पडद्याची घडी घातली आणि तो खुर्चीखाली ठेवून दिला. चिंगीच्या कागदावर तीन खोडून सतरा केलं. "भाला लागला," तो म्हणाला. हा शब्द मी त्याच्या तोंडून ह्या टेबलावर पहिल्यांदा ऐकला. जखम किती ते ठरवायचे फासे त्याने आमच्या नाकासमोर टाकले. आकडे मोठे पडले. चिंगीने वजाबाकी केली आणि मान वर न करता म्हणाली, "शून्य."

"नवीन!" बंड्या ओरडलाच. "नवीन पुस्तकाने खेळतोय आपण! शून्यावर मरत नाहीत! तीन संधी असतात, तूच बघ, पान काढ!"

ज्या नियमाला त्याने मशीनखोलीत लाखोली वाहिली होती त्यालाच आता लोंबकळत होता बिचारा. चिंगीला क्षणभर हसू आलं. मग तिने फासा उचलला, मुठीत खुळखुळवला आणि टाकला.

चौदा. "एक जमलं," मी म्हटलं.

सहा. "एक गेलं," चिंगी म्हणाली.

अकरा. "दोन जमली! आता एकच हवं," बंड्या म्हणाला. त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

तीन. दोन जमलेली, दोन गेलेली. आता एक फासा, इकडे नाहीतर तिकडे. चिंगीने टाकायच्या आधी हात पुसला. मला काही त्या खारूताईचं एवढं प्रेम नव्हतं, पण मीही खुर्चीच्या कडेला सरकले. फासा टेबलावरून घरंगळत गेला, बशीला आपटला, फिरला आणि थांबला.

नऊ.

एकाने गेलं. फक्त एकाने. बंड्याचं तोंड उघडलं. फासा बशीला लागला, हा धरायचा नाही, पुन्हा टाक, असं काहीतरी त्याच्या जिभेवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला. पण त्याची गरज नव्हती. त्याने तोंड मिटलं आणि गोष्ट चालवणाऱ्याने सांगायचं असतं ते सांगितलं.

"खार कंगोऱ्यावरून खाली पडली," तो म्हणाला. "मेली."

चिंगी रडली. चांगली हुंदके देऊन, आठ वर्षांची असताना रडली होती तशीच. बंड्या जागचा हलला नाही. बघवत नव्हतं त्याच्याकडे. मी बुटकीकडून सांगितलं की ती कुऱ्हाड टाकून देते आणि तिथेच बसून राहते. त्यावर चिंगी आणखीच रडली.

मग तिने बाहीला नाक पुसलं. मी एरवी त्यावरून ओरडले असते. तिने खारूताईचा कागद घडी करून आपल्या पुस्तकात ठेवला आणि बापाकडे बघितलं.

"पुढच्या शनिवारी मी जरा लवकर येऊ का?" तिने विचारलं. "नवीन बनवायला वेळ लागतो."

बंड्या तेवढ्यात कोरे कागद शोधायला उठलासुद्धा. मग मीच म्हटलं, "ये गं बाई, ये."